बिलाने ठेवलं गॅसवर!

मंडळी, ‘गॅसवर असणं’ म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. रिझल्टच्या आदल्या रात्री आपण गॅसवर असतो. अप्रेझलच्या आधी बॉस केबिनमध्ये बोलावतो तेव्हा गॅसवर असतो. आणि ज्यांच्या किचनमध्ये पिवळा पाइप आलाय, ते दर दोन महिन्यांनी आपोआप गॅसवर असतात. कारण त्या दिवशी मोबाइल वाजतो आणि मेसेज येतो : आपलं गॅस बिल तयार आहे.

एरवी सातशे-आठशेच्या घरात असणारं बिल एके दिवशी अडीच हजारांचं येतं. मग सुरू होतो सीन. फ्लॅटमधला एक जण म्हणतो, ‘रोज रात्री बारा वाजता मॅगी कोण करतं?’ दुसरी म्हणते, ‘आणि अर्धा-अर्धा तास शॉवर कोण घेतं?’ तिसरा काहीच बोलत नाही, कारण तो महिन्यातले वीस दिवस टूरवर असतो आणि तरीही त्याला एक तृतीयांश भरायचे असतात. शेवटी कुणीतरी वैतागून क्यूआर कोड स्कॅन करतं, ग्रुपवर ‘प्रत्येकी ८१७’ असा मेसेज पडतो आणि विषय संपतो. खरं तर संपत नाही. पुढच्या बिलापर्यंत तो मंद आचेवर शिजत राहतो!

गंमत अशी की आपण रिचार्ज प्लॅनमधला एकेक जीबी मोजतो, कॅबचे सर्ज प्राइसिंग पाठ असतं, कॉफीच्या बिलातला सर्व्हिस चार्ज काढून घेतो. पण गॅसचं बिल? त्यातला फक्त खालचा आकडा बघतो. म्हणून आज त्या आकड्याच्या वरचं सगळं वाचू या. आणि बिलाचा हिशेब कसा ठेवायचा, हे शिकायला थोडं लांब, रायगडातल्या तळ्याला जाऊ या. कारण आपल्यातले कितीतरी जण तळा, रोहा, माणगाव, म्हसळा अशाच गावांतून मुंबई-नवी मुंबईत नोकरीला आलेत. गॅसचा खरा फंडा आपल्या आयांना केव्हाच कळलाय.

कुलूपबंद घराचं बिल

मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि रायगड जिल्ह्यात पाइप गॅस देते महानगर गॅस, पुण्यात देते महाराष्ट्र नॅचरल गॅस. महानगर गॅसचं घरगुती बिल दोन महिन्यांनी येतं. आता ‘अनपेक्षित’ बिलाचं पहिलं कारण इथेच आहे. दोन महिन्यांपूर्वी आपण काय शिजवलं होतं, कोण पाहुणे आले होते, हे कुणाला आठवतं? आठवणारच नसेल तर कुठलाही मोठा आकडा धक्काच देणार.

दुसरं कारण त्याहून सॉलिड. आपल्याकडच्या फ्लॅट्समध्ये गॅसचा मीटर बहुतेक वेळा किचनच्या आत असतो. रीडिंग घेणारा येतो दिवसा, आणि दिवसा आपण असतो ऑफिसात. दाराला कुलूप. मग कंपनी काय करते? आधीच्या वापरावरून अंदाज बांधते आणि अंदाजे रीडिंगचं बिल पाठवते. रीडिंग प्रत्यक्ष घेतलेलं आहे की अंदाजे, हे बिलावर लिहिलेलं असतं. पण ते वाचतो कोण!

आता एक गणित करू. समजा, खारघरमध्ये तिघांनी मिळून जानेवारीत फ्लॅट घेतला. तेव्हा मीटरवर आकडा होता ४१२. मार्चमध्ये घर बंद, आधीचा भाडेकरू एकटाच राहायचा, त्यामुळे अंदाज धरला १४ युनिटचा. बिल छोटं आलं. तिघंही खूश! मेमध्ये पुन्हा घर बंद, पुन्हा १४. पुन्हा खूश. जुलैमध्ये कुणीतरी वर्क फ्रॉम होम होतं, दार उघडलं गेलं आणि खरं रीडिंग मिळालं : ४९०. म्हणजे सहा महिन्यांत एकूण ७८ युनिट जळले. त्यातल्या २८ चे पैसे भरले होते. उरलेले ५० युनिट एकाच बिलात येऊन बसले. युनिटला ४९ रुपये धरले, तर २,४५० रुपये.

यात चोरी नाही, लबाडी नाही, मीटरही धडधाकट आहे. महिन्याला १३ युनिट म्हणजे तिघांच्या घरात अगदी नॉर्मल वापर. फरक इतकाच की आधीची दोन बिलं खोटी स्वस्त होती आणि तिसऱ्याने सगळी उधारी वसूल केली. आणि इथे खरी गोची होते, ती रूममेट्समध्ये. समजा, त्या तिघांतली एक जण मेअखेर लग्न करून गेली आणि जूनमध्ये तिच्या जागी नवी मुलगी आली. या नव्या मुलीने एकच महिना चहा प्यायला आणि तिच्या माथी आले सहा महिन्यांतले ८१७ रुपये. पहिल्याच पगारात! ती काही बोलणार नाही, नवीन आहे ना. पण लक्षात नक्की ठेवेल.

म्हणून अंदाजे रीडिंगचं कमी बिल आलं तर खूश होऊ नका. ते डिस्काउंट नाही, ती पुढच्या तारखेची उधारी आहे. उलटही होतं बरं का. अंदाज जास्तीचा असेल आणि तुम्ही महिनाभर गावाला असाल, तर न जाळलेल्या गॅसचे पैसे आधी जातात आणि खरं रीडिंग झाल्यावर पुढच्या बिलात वळते होतात.

युनिट तेच, भाव वेगळा

काही वेळा वापर तसाच असतो, मीटर बरोबर असतो, रीडिंगही खरं असतं. तरी बिल वाढतं. २०२२ हे त्याचं क्लासिक वर्ष.

झालं असं की १ एप्रिल २०२२ पासून महाराष्ट्र सरकारने नैसर्गिक वायूवरचा व्हॅट १३.५ टक्क्यांवरून थेट ३ टक्क्यांवर आणला. मुंबईत पाइप गॅसचा दर युनिटला ३६ रुपयांवर उतरला. सगळीकडे आनंदीआनंद! पण त्याच दिवशी केंद्राने देशातल्या जुन्या क्षेत्रांतून निघणाऱ्या गॅसचा दर २.९० डॉलरवरून ६.१० डॉलरवर नेला होता. हा दर एमएमबीटीयू नावाच्या मापाचा असतो. नाव विसरलात तरी चालेल, दुपटीहून जास्त झाला एवढं लक्षात ठेवा. परिणाम काय? १३ एप्रिलला मुंबईतला दर पोहोचला ४५.५० वर. ऑक्टोबरमध्ये केंद्राचा दर ८.५७ डॉलर झाला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये आपल्या किचनमधलं युनिट ५४ रुपयांना पडायला लागलं.

दोन महिन्यांत २८ युनिट जाळणाऱ्या घराचं उदाहरण घ्या. ३६ च्या भावाने बिल १,००८ रुपये. ५४ च्या भावाने १,५१२. डाळ तीच, भात तोच, कुकरच्या शिट्ट्याही तेवढ्याच. पाचशे रुपये मात्र जास्त.

पुढे किरीट पारीख समितीच्या शिफारशींनंतर एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने दर ठरवायची पद्धत बदलली. गॅसचा दर कच्च्या तेलाच्या भावाच्या १० टक्के, आणि सुरुवातीला वरची मर्यादा ६.५० डॉलर. मुंबईतला पाइप गॅस त्यानंतर ४९ वर आला, ऑक्टोबर २०२३ मध्ये ४७ झाला, २०२४ च्या जुलैत ४८ आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये पुन्हा ४९. या लेखातली गणितं मी याच ४९ च्या भावाने केली आहेत. तुमच्या बिलावर जो भाव असेल तो घालून हीच गणितं करा, दोन मिनिटांचं काम आहे.

हे सगळं कशासाठी सांगितलं? तर बिल वाढलं की आधी दोन आकडे वेगळे करायचे : युनिट किती आणि युनिटचा भाव किती. युनिट वाढले असतील तर उत्तर आपल्या घरात आहे. भाव वाढला असेल तर रूममेटच्या मॅगीला शिव्या देऊन काही होणार नाही, बॉस!

बाथरूममधला चोर

युनिट वाढलेत? मग चौकशी किचनमध्ये नाही, बाथरूममध्ये सुरू करा. गॅस गीझर असेल तर संशयित नंबर एक तोच.

२० लिटरची एक बादली पाणी २५ अंशांनी तापवायचं, तर साधारण ०.०७ युनिट गॅस लागतो. म्हणजे साडेतीन रुपये. स्वस्त वाटतं ना? तिघं जण रोज एकेक बादली, दोन महिन्यांत १८० बादल्या. झाले १३ युनिट, साडेसहाशेच्या आसपास. आता बादलीऐवजी शॉवर घ्या. मिनिटाला सहा लिटर पाणी धरलं, तर दहा मिनिटांच्या गरम शॉवरला साठ लिटर. दहा-अकरा रुपये एका आंघोळीचे. थंडीत हिंदी गाण्यांची अख्खी प्लेलिस्ट संपेपर्यंत शॉवरखाली उभं राहणारे महाभाग प्रत्येक फ्लॅटमध्ये असतात. त्यांना हे कात्रण प्रेमाने दाखवा.

किचनमधल्या सवयी छोट्या असतात, पण रोजच्या असतात. छोले-राजमा आदल्या रात्री भिजत न घालता सकाळी थेट कुकरमध्ये टाकणं. टोपावर झाकण न ठेवणं. उकळी आल्यावरही शेगडी फुल ठेवणं. पाणी एकदा उकळलं की त्याचं तापमान आणखी वाढत नाही, फक्त वाफ जास्त होते. म्हणजे आपण भात लवकर शिजवत नसतो, किचनची खिडकी तापवत असतो. आणि हो, ज्योत निळीऐवजी पिवळी दिसत असेल, टोपाच्या बुडाला काजळी धरत असेल, तर बर्नरची भोकं बुजली आहेत. गॅस नीट जळत नाहीये आणि पैसे मात्र पूर्ण जाताहेत.

गावाहून सिलिंडरची शेगडी आणून ती स्वतःच पाइपला जोडायचा विचार असेल तर तो सोडा. सिलिंडरच्या आणि पाइपच्या गॅससाठी शेगडीचे जेट वेगळे लागतात. ते कंपनीच्या माणसाकडूनच बदलून घ्यायचे.

तळ्यातलं कॅलेंडर

आता मुंबई-गोवा महामार्गाला लागा, इंदापूरला आत वळा आणि तळ्याला या. तळगडाच्या पायथ्याचं छोटंसं तालुक्याचं गाव. जिल्हा तोच, रायगड. खारघर-पनवेलही रायगडातच येतं. पण तिकडे भिंतीवर मीटर आणि इकडे ओट्याखाली लाल बाटला. आणखी एक योगायोग बघा. मुंबई हायच्या समुद्रातून पाइपने येणारा गॅस जमिनीवर येतो तो याच जिल्ह्यातल्या उरणला. ओएनजीसीच्या तिथल्या प्रकल्पात त्यातून स्वयंपाकाचा गॅस वेगळाही काढला जातो. तळ्याच्या घरात मात्र गॅस येतो तो गाडीतून, खांद्यावरून, धप्पकन आवाज करत.

तळ्यातल्या घरात गॅसचं बिल ‘अनपेक्षित’ येऊच शकत नाही. पैसे आधी, गॅस नंतर! आणि प्रत्येक किचनमध्ये एक ऑडिटर बसलेली असते. भिंतीवरचं कालनिर्णय काढून बघा. संकष्टी आणि एकादशीच्या मध्ये बॉलपेनने लिहिलेलं असतं, ‘गॅस लावला’. एवढंच, दोन शब्द. चाळीस दिवसांनी पुन्हा तेच दोन शब्द. कधी तिसाव्या दिवशी लिहायची वेळ आली, तर आईच्या कपाळावर आठी पडते. पाहुणे आले होते का? गणपती होते का? नाही? मग रबराची नळी तपासा, रेग्युलेटर तपासा, पुढच्या वेळी बाटला वजन करून घ्या.

बघा, बिलाचं अॅनालिसिस म्हणजे दुसरं काय असतं? तारीख, वापर, फरक, कारण. एमबीए न करता!

आणखीही बऱ्याच गोष्टी या ऑडिटरला ठाऊक असतात. घरगुती बाटल्यात गॅस १४.२ किलो. रिकाम्या बाटल्याचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं, दोन्हींची बेरीज काट्यावर दिसली पाहिजे. बाटला देणाऱ्याकडे वजनकाटा असायला हवा आणि वजन करून मागणं हा आपला हक्क आहे, उपकार नव्हे. बाटल्याच्या वरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्ष असतं. ती बाटल्याच्या पुढच्या तपासणीची मुदत. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असं डीपर्यंत. मुदत उलटून गेलेला बाटला घरात घ्यायचाच नाही. आणि किती गॅस उरलाय ते बघायचं, तर ओल्या फडक्याने बाटला पुसायचा. जिथपर्यंत गॅस आहे, तिथपर्यंतचा ओलावा उशिरा सुकतो. कुठलंही ॲप नको.

आईच्या या कॅलेंडरवरून आपल्या शहरी बिलाचीही परीक्षा घेता येते. एका बाटल्यात जेवढी उष्णता असते, तेवढ्यासाठी पाइपचे साधारण १८ ते १९ युनिट लागतात. आईचा बाटला चाळीस दिवस जात असेल, तर दोन महिन्यांत दीड बाटला, म्हणजे २७-२८ युनिट. गावाकडे तीन-चार माणसांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक त्यात होतो. आणि तुमच्या फ्लॅटमध्ये, जिथे आठवड्यातून चार वेळा जेवण बाहेरून येतं, तिथे गीझर नसताना ४० युनिट लागताहेत? मग काहीतरी गडबड आहे. घरी फोन लावा आणि विचारा, ‘आई, गॅस किती दिवस पुरतो गं?’ कस्टमर केअरच्या आधी हा कॉल!

पाइप स्वस्त की बाटला?

हा वाद प्रत्येक सोसायटीच्या मीटिंगमध्ये होतो. घ्या उत्तर. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईत बाटला झाला ८५२.५० रुपयांचा. त्याच महिन्यात पाइप गॅस ४९ रुपये युनिट. एका बाटल्याएवढा गॅस पाइपने घेतला तर साधारण ८८० ते ९३० रुपये. नोव्हेंबर २०२२ मध्ये उलटं होतं. बाटला १,०५२.५० ला आणि तेवढाच पाइप गॅस हजाराच्या आसपास. म्हणजे कधी हा थोडा वर, कधी तो.

पाइपची खरी कमाई सोयीची आहे. नंबर लावायचा नाही, चौथ्या मजल्यावर बाटला चढवायचा नाही, भाजी अर्धी शिजलेली असताना गॅस संपला म्हणून शेजारी धावायचं नाही. पण या सोयीचीच एक किंमत असते. जो गॅस कधी संपतच नाही, तो मोजायची सवयही संपते. बाटला हलका झाला की हाताला कळतं. मीटरचे आकडे कोपऱ्यात गुपचूप फिरत असतात.

बिल आलंय, आता काय?

पॅनिक होऊ नका. पैसे भरण्याआधी ही पाच कामं करा.

एक. बिल आणि मीटर शेजारी धरा. मीटरवरचे काळे आकडे वाचा, दशांशानंतरचे लाल आकडे सोडून द्या. बिलावरचं रीडिंग मीटरपेक्षा जास्त असेल, तर तारीख दिसेल असा फोटो काढा आणि लगेच कळवा.

दोन. रीडिंग अंदाजे आहे का बघा. असेल तर मागची बिलं काढा आणि शेवटचं खरं रीडिंग कधी झालं ते शोधा. तिथपासून आजपर्यंतच्या युनिटना महिन्यांनी भागा. सरासरी ठीक असेल तर बिल मोठं असलं तरी बरोबर आहे. मधल्या काळात भाव बदलला असेल, तर कुठले युनिट कुठल्या भावाने लावले, हे विचारून घ्या. एकदम भरणं जड जात असेल तर हप्ते मिळतील का, हेही विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

तीन. गळतीची टेस्ट. शेगडी बंद, गीझर बंद, सगळं बंद. मीटरचे लाल आकडे लिहून ठेवा आणि तासाभराने पुन्हा बघा. हलले असतील तर गॅस कुठेतरी जातोय. साबणाचं पाणी जोडावर लावा, बुडबुडे आले तर गळती. आगपेटी अजिबात नाही! वास येत असेल तर टेस्ट वगैरे विसरा. मेन व्हॉल्व्ह बंद, खिडक्या उघड्या, लाइटच्या बटणाला हात नाही, बाहेर पडून कंपनीचा इमर्जन्सी नंबर लावा. सिलिंडरवाल्यांसाठी देशभरात १९०६ हा नंबर आहे.

चार. मीटरवरच शंका असेल तर मीटर तपासणीची मागणी लेखी करा. फोनवर झालेलं बोलणं कुणाच्याही लक्षात राहत नाही, ई-मेल राहतो. तक्रारीचा नंबर घ्या. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यापुढे ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते.

पाच. भाड्याने राहता? मग हे सगळ्यात महत्त्वाचं. किल्ली हातात घ्याल त्या दिवशी मीटरचा फोटो काढा आणि घरमालकाला पाठवा. घर सोडताना पुन्हा तेच. नवा रूममेट आला की त्या दिवशीचा आकडा लिहून ठेवा. कनेक्शन मालकाच्या नावावर असतं, त्यामुळे आधीच्या भाडेकरूची थकबाकी कुणाची, हा प्रश्न नेहमी घर मिळाल्यानंतर निघतो. तेव्हा भांडायला आवाज नको, फोटो हवा.

आणि दर दोन महिन्यांनी, बिल बनायच्या आधी, स्वतःच रीडिंग पाठवा. बिलावर त्याची मुदत आणि पद्धत दिलेली असते, ॲपवरूनही पाठवता येतं. दार बंद असलं तरी मग अंदाज बांधायची वेळ कंपनीवर येत नाही. सेल्फी काढायला जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी.

जे बिल येतच नाही

इथे हा कॉलम संपवता आला असता. पण तळ्याच्या त्या कॅलेंडरवर अजून एक गोष्ट दिसते आणि ती वाचायला आपण क्वचितच थांबतो.

भाव वाढला की शहरात बिल वाढतं. आपण ओरडतो, ग्रुपवर मीम टाकतो, भरतो. तळ्यात भाव वाढला की बिल वाढत नाही, ‘गॅस लावला’मधले दिवस वाढतात. चाळीसाचे पन्नास होतात, पन्नासाचे साठ. गॅस तोच, १४.२ किलो. मग उरलेला स्वयंपाक कशावर होतो? कोकणातल्या घरामागे चूल असतेच. आंघोळीचं पाणी तिच्यावर किंवा बंबात तापतं, त्यात काही विशेष नाही. पण भाव चढला की डाळ हळूच मागच्या दारी जाते. मग तांदळाच्या भाकऱ्या जातात. ओट्यावरच्या शेगडीवर उरतो फक्त सकाळचा चहा आणि पाहुण्यांचे पोहे.

आकडे बघा. मुंबईत नोव्हेंबर २०२० मध्ये बाटला ५९४ रुपयांना होता. मार्च २०२३ मध्ये १,१०२.५० झाला. २०२० च्या मध्यापासून बहुतेक ग्राहकांच्या खात्यात सबसिडी जमा होणंही थांबलं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये २०० रुपये आणि मार्च २०२४ मध्ये १०० रुपये कमी झाले, एप्रिल २०२५ मध्ये ५० पुन्हा वाढले. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतल्या घरांना मे २०२२ पासून बाटल्यामागे २०० आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये सबसिडी मिळू लागली. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेतून वर्षाला तीन बाटले मोफत भरून द्यायचं जाहीर केलं. आपल्या घरचं कनेक्शन यात बसतं का, बँक खातं आधारला जोडलंय का, केवायसी झालंय का, हे मोबाइलवर पाच मिनिटांत बघता येतं. आई-बाबांना त्यासाठी एजन्सीच्या रांगेत सकाळ घालवावी लागते.

आणि कुठल्याच योजनेत न बसणारी घरंही भरपूर आहेत. तिथे वाढलेल्या भावाचा हिशेब आईच्या डोळ्यांत जातो, धुराने. तो कुठल्याही ॲपवर दिसत नाही आणि फोनवर तर मुळीच कळत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं : ‘अरे, चुलीवरची भाकरी गोड लागते.’ लागते, खरंच लागते! रविवारी रिसॉर्टला जाऊन आपण त्याच भाकरीचे दोनशे रुपये मोजतो. पण रोज पहाटे ओली लाकडं फुंकणाऱ्या बाईला ती किती गोड लागत असेल, हा वेगळा प्रश्न आहे.

तेव्हा पुढच्या वेळी गावी गेलात की एक काम करा. फ्रिज उघडायच्या आधी कॅलेंडरची मागची पानं उलटा. ‘गॅस लावला’च्या दोन तारखांमधले दिवस मोजा. ते वाढत चालले असतील, तर आईला विचारत बसू नका. ती ‘पुरतो रे’ म्हणेल. घरच्या कनेक्शनचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह करा आणि पुढच्या बाटल्याचा नंबर मुंबईतून लावून, पैसे भरूनच टाका. महिन्याला दोन शॉवर बादलीवर आणले, चार जेवणं ऑर्डर करण्याऐवजी घरी शिजवली, की तेवढे पैसे सहज निघतात.

आणि हो, आपल्या फ्लॅटमधल्या मीटरशेजारी एक कॅलेंडर टांगा. दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा आकडा त्यावर लिहा, पेन दोरीने बांधून ठेवा. कुणी लिहायचं यावरून भांडण झालंच, तर टूरवरून परत आलेल्या त्या तिसऱ्याला हे काम द्या. त्याच्याइतकं न्यूट्रल दुसरं कोण असणार?